निपाणीला पाठवायचा फोटो

"हसा," शिकलगार म्हणाला.

त्रिशला मगदूमने तोंड उघडलं, वरचे दात पुढे काढले आणि श्वास रोखून धरला. शिकलगारने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, आपण दाताच्या डॉक्टरकडं न्हाई आलो."

तिने तोंड मिटलं. "आता?"

"आता पासपोर्टचा झाला."

"हस की गं," तिची वहिनी म्हणाली. "घरात तर भिंती हलवतीस हसून. आजच काय झालं?"

"वहिनी, मी हसतेच आहे."

"ह्याला हसणं म्हणत्यात? पोळी तव्याला चिकटल्यावर मी असं तोंड करते."

त्रिशलाने परत प्रयत्न केला. या वेळी भुवया वर गेल्या आणि हनुवटी खाली आली. तिच्या मागच्या पडद्यावर इचलकरंजीच्या कुणा पेंटरने बर्फाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी नारळाचं झाड काढलं होतं. दिवे पेटलेले होते, घाम येत होता, आणि गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट स्टुडिओच्या पत्र्यातून आत येत होती.

मी कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या फुलदाणीशेजारी बसलो होतो आणि मनातल्या मनात प्रार्थना करत होतो की रीळ संपावं.

फोटो निपाणीला जायचा होता. मुलाचं नाव भरतेश चौगुले, तंबाखूच्या एका वखारीत टेलिफोन ऑपरेटर, जन्मांध. त्रिशला आमच्या कॉलेजात टेलिफोन ऑपरेटर, तीही जन्मांध. मग फोटो कुणाला हवा होता? मुलाच्या आईला. पहिला फोटो तिने परत पाठवला होता. सोबत निरोप होता, मुलगी घुमी दिसते, माझ्या पोराचं घर सुनं सुनं व्हायला नको. हसरा फोटो असेल तर पाठवा, नसेल तर राहू दे. त्रिशलाच्या अण्णांनी, म्हणजे थोरल्या भावाने, हा निरोप घरात मोठ्याने वाचला आणि वहिनीने दुसऱ्या दिवशी शिकलगारकडे वेळ ठरवली.

माझं तिथे काय काम, हे शिकलगारने मला आल्या आल्या विचारलं होतं. वहिनीनेच परस्पर उत्तर दिलं, "सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवत्यात. चेहऱ्यांचा अभ्यास करत्यात."

"मग हे तुम्हीच करा की," शिकलगार म्हणाला. "मी किती रिळं घालवू?"

अभ्यासाचं खरं होतं. मी तेव्हा एम.फिल. करत होतो. विषय होता, जन्मापासून न दिसणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरचे भाव उपजत असतात की शिकलेले. विषय मार्गदर्शकांनी दिला होता आणि माणूस कॉलेजने. मुख्य जिन्याखाली टेलिफोन बोर्डाची खोली होती. तिथे मी त्रिशलाची परवानगी घेऊन वर्षभर रोज थोडा वेळ बसायचो. परवानगी तिने एका वाक्यात दिली होती, "बसा की सर. मी काही तुम्हाला बघणार नाही."

अभ्यासाचा निष्कर्ष पहिल्या महिन्यातच निघाला होता. तिला आनंद झाला की ती हसायची. ओठ, गाल, डोळ्यांच्या कडा, सगळं जागच्या जागी, जसं कुठल्याही माणसाचं असतं. तिने आयुष्यात एकही हसणारा चेहरा पाहिला नव्हता, म्हणजे हे कुणाकडून उचललेलं नव्हतं. ते आतून आलेलं होतं. त्यानंतर मी जे अकरा महिने बसलो त्याचा अभ्यासाशी संबंध नव्हता.

माझा शेवटचा तास चारला संपे. मी जिना उतरून बोर्डाच्या खोलीच्या दारात पाऊल टाकलं की तिच्या चेहऱ्यावर हसू यायचं. रोज. आधी डोळ्यांच्या कडेला, मग गालांवर, मग ओठांवर, जणू कुणीतरी आतून एकेक खिडकी उघडत येतंय. ती माझी पावलं ओळखते, असा मी निष्कर्ष काढला होता. हा निष्कर्ष प्रबंधात घातला नव्हता. स्वतःपुरता ठेवला होता आणि त्यावर माझं बरं चाललं होतं.

शिकलगारने दिवे बंद केले. "आज जावा. सराव करून या."

बाहेर हॉटेलात वहिनीने चहा बशीत ओतला आणि मला विचारलं, "सर, खरं सांगा. हिच्यात काही दोष आहे काय? घरात हसतीया, इथं हसत न्हाई."

"दोष नाही वहिनी. हसू दोन प्रकारचं असतं. एक येतं. ते सगळ्यांना येतं, यांनाही येतं. दुसरं आणावं लागतं. फोटोला, पाहुण्यांपुढे, साहेबापुढे. ते लहानपणी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून शिकावं लागतं. यांनी कुणाकडे बघितलंच नाही."

"म्हणजे आम्ही लबाड आणि ही साधी?"

"शास्त्र असं म्हणत नाही."

"शास्त्र ऱ्हाऊ दे. पण तुमचं खरं आहे. माझा थोरला कॅमेरा दिसला की आपोआप ईईई करतोय. कुणी शिकवलं म्हणायचं?" तिने बशी संपवली. "मग हिला शिकवता येतंय काय, तेवढं सांगा."

मी 'नाही' म्हणू शकलो असतो. मी मानसशास्त्राचा माणूस होतो. या वयात असं काही शिकता येत नाही, हे मी दोन-तीन अवघड शब्द वापरून सांगितलं असतं तर वहिनीने मान डोलावली असती. त्रिशला चहाच्या कपावर दोन्ही हात ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत होती. मान थोडी पुढे आली होती.

"येईल की नाही सर?" तिने विचारलं.

"येईल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बोर्डाच्या खोलीत गेलो. तयारी करून गेलो होतो.

"ओठांची टोकं कानांच्या दिशेने न्या. दात थोडे दिसू द्या, सगळे नकोत. गाल उचला."

तिने एकेक सूचना पाळली. निवडणुकीच्या पोस्टरवर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या उमेदवाराचा चेहरा तयार झाला.

"कसं आहे?"

"मतं मिळतील. फोटो नाही."

"सांगून येत नसणार हे," ती म्हणाली. "सर, हात लावून बघू का?"

"कशाला?"

"तुमच्या तोंडाला. तुम्ही ते आणायचं हसू आणा, मी बघते कुठं काय जातंय ते. मी सगळं असंच शिकलेय."

"बघा."

"दार उघडं आहे ना?"

"आहे."

"उघडंच राहू दे."

ती खुर्ची सरकवून समोर आली. तिच्या बोटांना बडीशेपेचा वास होता. अंगठे हनुवटीशी आणि बाकीची बोटं गालांवर ठेवून तिने शिकलगारच्या आवाजात म्हटलं, "हसा."

मी आमच्या प्राचार्यांना भेटल्यावर हसतो तसा हसलो. तिची बोटं ओठांच्या टोकांवरून गालांवर गेली, तिथून वर डोळ्यांकडे, आणि तिथे थांबली.

"इथं काहीच नाही."

"मुद्दाम हसताना तिथलं हलत नाही."

"मग लोकांना कळत नाही का, हे आणलेलं आहे म्हणून?"

"कळतं."

"कळतं? आणि तरी चालतं?"

"फार छान चालतं. आपली संस्था त्यावरच चाललीय."

"म्हणजे मी आणीन ते हसू खोटं आहे हे त्याच्या आईला कळणार, आणि ती म्हणणार, छान."

"बरोबर."

बोटं गालावरच होती. "प्राचार्य फोनवर 'बोला साहेब, आपलीच आठवण काढत होतो' म्हणतात, तेव्हा त्यांचं तोंड असं असतं?"

"तंतोतंत."

"तरीच. मला आवाजात कळायचं की काहीतरी ताणून धरलंय, पण काय ते समजत नव्हतं. मला वाटायचं, मूळव्याध असेल."

मी हसलो. बोटं दचकली, गालावरून उडून डोळ्यांपाशी गेली.

"हे काय झालं?"

"हे ते दुसरं. येतं ते."

"परत करा बघू."

"करता येत नाही."

"तुम्हालापण नाही?"

"कुणालाच नाही."

"मग तेवढ्यापुरतं आपण सारखेच," ती म्हणाली, आणि तिने बोटं काढून घेतली. लगेच नाही. थोडी उशिरा. त्या उशिरावर मी पुढचे बरेच दिवस काढले.

ती फार लवकर शिकली. मला वाटलं होतं, महिना लागेल. महिनाभर मधली सुट्टी, उघडं दार, बडीशेप, एवढं मी गृहीत धरलं होतं. आठवडा संपायच्या आत तिने ते हसू इतकं पक्कं केलं की तसं आमच्या मराठीच्या विभागप्रमुखांनाही इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. आणि शिकलेली गोष्ट ती ठेवून देणारी नव्हती, वापरणारी होती. बोर्डाच्या खोलीत कुणीही आलं की ते हसू चेहऱ्यावर येऊ लागलं. शिपाई, पालक, खडूचा ठेकेदार, सगळ्यांना ते मिळायला लागलं.

"मगदूम मॅडम हल्ली किती प्रसन्न असत्यात," हेडक्लार्क मला म्हणाले. "स्थळ आलंय म्हणे. चेहऱ्यावरच कळतं."

पूर्वी तिच्या चेहऱ्यावर काही नसलं की काही नसायचं. कॉलेजात तेवढा एकच चेहरा असा होता की त्यावर जे दिसे ते असे. तो मी स्वतःच्या हाताने, म्हणजे स्वतःच्या तोंडाने, बाकीच्यांसारखा करून ठेवला. माझी नोकरी शिकवण्याची होती. ती मी इतकी मन लावून आणखी कधी केल्याचं आठवत नाही.

एकच आधार होता. चार वाजता मी दारात पाऊल टाकलं की अजूनही ते जुनं हसू यायचं, डोळ्यांच्या कडेपासून सुरू होणारं. मी आधी डोळ्यांच्याच कडेला बघायचो. ते हलायचं. मग मी आत जाऊन बसायचो.

शिकलगारकडे आम्ही परत गेलो तेव्हा त्याने दोन फोटो काढले. पहिला चुकून. दिवा सरकवताना दिव्यावरची छत्री त्याच्या डोक्यात पडली, तो कॅमेऱ्यावर आपटला, त्याने पेंटरच्या बर्फाच्या डोंगराला उद्देशून एक अस्सल शिवी दिली, त्रिशला खो खो हसली आणि त्याच वेळी बटण दाबलं गेलं. दुसरा फोटो सांगून. "हसा," तो म्हणाला, आणि ती हसली, तयार, बेताची, दात मोजके.

"काय सांगताय," शिकलगार म्हणाला. "एक नंबर. सर, तुम्ही स्टुडिओ काढा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोटो मिळाले. वहिनीचा थोरला तापाने फणफणला होता म्हणून ती आली नाही. फोटो आणून पाकिटात घालायचा आणि निपाणीच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, हे काम माझ्याकडे आलं. पत्ता तिथल्या वखारीचा होता. स्टँडवरून कुणीतरी येऊन घेणार होतं. त्रिशला सोबत आली, कारण फोटो तिचा होता.

स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. निपाणीची गाडी लागायची होती. शेजारी एक म्हातारा बोचक्यावर डोकं ठेवून झोपला होता.

"कसे आलेत दोन्ही?" तिने विचारलं.

"एकात तुम्ही हसताय. दुसऱ्यात तुम्ही फोटो काढून घेताय."

"वहिनी म्हणाली, एकच पाठवा. दोन पाठवले तर त्यातला वाईटच बघतात."

मी फोटो हातात धरून बसलो. घरून मी एक मोठी प्रस्तावना ठरवून आलो होतो. तिच्यात आमच्या दोघांच्या वेगळ्या जाती होत्या, माझा पगार होता, माझ्या आईचा स्वभाव होता आणि तो बदलण्याची शक्यता होती. प्रत्यक्षात यातलं काहीच तोंडातून बाहेर आलं नाही.

"पाठवू नका," मी म्हणालो.

"का? बिघडलाय?"

"नाही. त्रिशला, माझ्याशी लग्न कराल?"

तिने मान माझ्याकडे वळवली, मग परत समोर नेली. चेहऱ्यावर आणलेलं काही नव्हतं, आलेलंही काही नव्हतं.

"सर, हे तुम्ही एसटी लागायच्या वेळेला विचारताय."

"आधी जमलं नाही."

"रोज चारला येऊन बसत होता की."

"तेच सांगतोय. रोज चारला मी येतो तेव्हा तुम्ही हसता. ते शिकलेलं नाही. मी वर्षभर बघतोय, मला फरक कळतो. तुमचं माझ्यावर..." पुढचा शब्द मला मराठीत सापडेना. "तुम्हाला बरं वाटतं मी आल्यावर. म्हणून विचारलं."

"चारला?"

"हो."

"तुम्ही आल्यावर?"

"दारात पाऊल टाकलं की."

समोरच्या फलाटावर कागलच्या गाडीला गर्दी धावली, चढली, गाडी गेली. मग ती सावकाश, लहान मुलाच्या पायातला काटा काढताना बोलतात तशी बोलली.

"सर, चारला संस्थेचे अध्यक्षसाहेब ऑफिसातून निपाणीच्या वखारीला फोन लावायला सांगतात. रोज. त्यांची तंबाखू असते तिथं."

"माहीत आहे."

"त्या बोर्डावर भरतेश असतो."

मी हातातले फोटो एकमेकांवर नीट ठेवले.

"मी इकडून लावते, तो तिकडून घेतो. मग तो त्याच्या मालकाला बोलावतो, मी साहेबांना सांगते. साहेबांना चष्मा सापडत नाही. चष्म्याशिवाय त्यांना फोनवर ऐकू येत नाही म्हणतात. तोपर्यंत लाइनवर आम्ही दोघंच असतो. दोन वर्षं झाली. स्थळ मावशीनं आणलं असं वहिनीला वाटतंय. मावशीच्या कानावर ते घालायला भरतेशनं कुणाकुणाला मध्ये घातलं ते मावशीलापण माहीत नाही."

"कानाला हेडफोन असायचा," मी म्हणालो. मी हे तिला सांगत नव्हतो.

"असायचाच. तो काढते कधी मी? तुम्ही आलात हे मला पुष्कळदा खुर्ची ओढल्यावर कळायचं."

उद्दीपक आणि प्रतिसाद हे मी प्रथम वर्षाच्या मुलांना दर वर्षी शिकवत आलो. प्रतिसाद मी अचूक टिपला होता. डोळ्यांची कड, गाल, ओठ, क्रमसुद्धा बरोबर होता. उद्दीपक म्हणून मात्र दारात उभा असलेला माणूस धरला होता. तो रोज दिसत होता एवढंच त्याच्या बाजूने होतं.

"म्हणजे फोटो जावा असं तुम्हालाच वाटतंय," मी म्हणालो.

"नाहीतर मी दात काढायला कशाला शिकले असते सर? अण्णांनी सांगितलं म्हणून?" ती किंचित पुढे वाकली. "त्याच्या आईनं नको म्हटलं तर तो काही करणार नाही. गरीब आहे तो. मग एक दिवस चारला मी लाइन लावीन आणि तिकडून दुसराच कुणीतरी हॅलो म्हणेल, एवढंच होईल."

"त्याला तुमचा चेहरा कधीच दिसणार नाही."

"म्हणून तर. तुम्ही चांगले आहात. पण तुम्ही बघता. आधी मला ते माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण चेहऱ्यावर एवढं काही चालू असतं हे माहीत नव्हतं. शिकल्यापासून सारखं ध्यानात असतं, आता ओठ कुठं आहेत, आता कपाळ कसं आहे. त्याच्याशी बोलताना चेहरा आहे हेच विसरायला होतं. ज्याच्याशी बोलताना विसरायला होतं त्याच्याच घरी जावं ना माणसानं?"

यावर मानसशास्त्रात काही उत्तर असेल तर ते मला अजून सापडलेलं नाही. एम.फिल.ही पुढे पूर्ण झालं नाही.

"रागावलात?"

"नाही."

तिने माझा आवाज तपासला. "नाही रागावलात. बरं. मग आता एक खरं सांगा. वहिनी मला बरं वाटेल ते सांगते, अण्णा वहिनीला बरं वाटेल ते. त्याच्या आईला यातला कुठला पसंत पडेल?"

स्टँडवर शंभरेक माणसं होती, सगळी डोळस. तिने विचारलं मला. मी चुकीचा फोटो पाकिटात घातला असता तर तिला ते कधी कळलं नसतं, निपाणीला कळलं असतं. ट्यूबलाइटखाली मी दोन्ही फोटो धरले. पहिल्यात तिचं डोकं मागे गेलं होतं, हिरड्या दिसत होत्या, डोळे अर्धवट, बुबुळं वर, एक हात हवेत. तो फोटो मी जरा जास्त वेळ धरला. निपाणीची बाई त्यात हिरड्या आणि बुबुळं बघणार हेही मला स्वच्छ दिसत होतं. दुसरा शिकलगारच्या काचेच्या कपाटातल्या कुठल्याही फोटोसारखा होता.

"दुसरा," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. आणलेला."

"मग तोच घाला. आणि पहिला फाडा."

"फाडू?"

"असा फोटो उगाच कुणाकडं राहायला नको."

ती ऐकत होती. फोटोऐवजी एसटीचं जुनं तिकीट फाडून भागलं नसतं, जाड कागदाचा आवाज वेगळा असतो आणि तिचे कान मला माहीत होते. मी फोटो मधून फाडला, मग परत मधून. तिने मान हलवली. तुकडे मी बाकाशेजारच्या डब्यात टाकले. शेंगांची टरफलं आणि पानाच्या पिचकाऱ्या होत्या त्यात.

गाडी लागली. कंडक्टरने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं.

"काय हाय?"

"फोटो."

"मुलगी बघायचा?"

"हो."

"मग दुमडून चालायचं न्हाई." त्याने पाकीट ड्रायव्हरच्या मागे, गणपतीच्या तसबिरीच्या फटीत खोचलं. "उत्तर आणायचं काय येताना?"

"नको," त्रिशला माझ्या मागून म्हणाली. "उत्तर फोनवर येतंय."

उत्तर यायला आठवडा लागला. सहामाही परीक्षेचे दिवस होते. मी चारला जिन्याखाली जाणं बंद केलं होतं; स्टाफरूममध्ये बसून पेपर तपासायचो. भोवती बाकीचेही तपासत होते. कुणी बोलत नव्हतं. आकडे चुकतात.

टेबलावरचा फोन वाजला. सगळ्यात जवळ मी होतो.

"सर, मीच आहे," त्रिशला म्हणाली. "होकार आला. आत्ताच."

घड्याळात मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. साहेब चष्मा शोधत असणार.

"अभिनंदन," मी म्हणालो.

"घरी अजून कुणाला सांगितलं नाही. त्याची आई म्हणाली म्हणे, मुलगी हसतमुख आहे."

"आहेच."

तिचा आवाज माझ्या कानात होता. ती दोन मजले खाली बसली होती आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्याशी मी नुसत्या आवाजावर बोलत होतो. डोळ्यांच्या कडा, गाल, ओठ, सगळं जागच्या जागी आहे हे मला कळत होतं. उठून जिना उतरून बघून येता आलं असतं. मी बसून राहिलो.

"सर, तुम्ही हसताय का?"

"हो."

"कुठलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. चेहऱ्यावर नेमकं काय होतं ते मला सांगता येईना. स्टाफरूममध्ये विचारून घेता आलं असतं, समोर सात-आठ प्राध्यापक बसले होते, सगळ्यांना चांगलं दिसत होतं. पण ते पेपर तपासत होते.